कोठारातली फांदी

स्वतःचं रक्त तिने चाचणीला लावलं ते निव्वळ सोय म्हणून. आजाऱ्यांच्या रक्ताशेजारी एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त ठेवावं लागतं, म्हणजे तुलना करता येते. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचं रक्त फ्रीजरमध्ये जपून ठेवलेलं असायचं. तिने हात घातला आणि हाताला तिचीच नळी आली. बरंच झालं, तिला वाटलं. आपण तर कधी साध्या तापानेही अंथरूण धरलेलं नाही.

थोड्या वेळाने झाकण उघडून पाहते, तर प्लास्टिकच्या पट्टीवरचे तिच्या रक्ताचे खळगे पिवळेधमक झालेले. आजाऱ्यांच्या खळग्यांइतकेच पिवळे. पिवळा रंग म्हणजे ओळख पटली. हा विषाणू या रक्ताने पूर्वी कधीतरी पाहिलेला आहे.

ती आधी स्वतःवरच वैतागली. नळ्यांची अदलाबदल केली असणार, दुसरं काय! तिने पट्टी फेकून दिली, नवी घेतली. पुन्हा पिवळा. मग नर्सला बोलावून दंडातून ताजं रक्त काढून घेतलं, स्वतःच्या डोळ्यांदेखत नळीवर चिठ्ठी लावली आणि समोर बसून राहिली. रंग हळूहळू चढत गेला.

तिचं काम उंदरांमधले विषाणू वाचण्याचं. उंदरांना त्यांचा काही त्रास नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ते त्यांना अंगाखांद्यावर वागवतात. माणसाने मात्र उंदरांच्या लेंड्यांचा, मुताचा वाळलेला भुगा श्वासाबरोबर आत घेतला की आधी ताप, मग मोडून पडावी अशी कंबरदुखी, आणि नशीब फिरलंच तर मूत्रपिंडं संप पुकारतात. अशा आजाऱ्याच्या रक्तातून विषाणू काढायचा, त्याच्या जनुकांची अक्षरं एकापुढे एक लावायची, आणि कुठल्या भागातल्या उंदरांच्या विषाणूशी ती जुळतात ते पाहायचं. मग झाड काढायचं. हा त्याचा भाऊ, हा चुलतभाऊ, हा लांबचा मामा. लोक माणसांच्या सोयरिकी जुळवतात, ती विषाणूंच्या जुळवायची.

घरी तिला मनी म्हणत. उंदरांवर पोट भरणारी मनी, हा विनोद लॅबमध्ये इतक्यांदा होऊन गेला होता की आता हसण्याचे कष्ट कोणी घेत नसे. अपवाद फक्त पिंजरेकाकांचा. लॅबसाठी शहरभर पिंजरे लावणारा हा पन्नाशीचा, अंगापिंडाने दांडगा माणूस स्वतःच विनोद करायचा आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

यंदा मात्र काकांचेही पिंजरे कामाला येत नव्हते. तापाच्या वॉर्डात दोन आजारी आले होते. एक नाटकांचे पोशाख शिवणारी बाई, दुसरा वायरमन. वरवर पाहता दोघांची ना ओळख, ना शेजार. दोघांच्या अंगातला विषाणू मात्र अक्षर न अक्षर सारखा. बाई घरीच शिवते असं शेजारी म्हणाले होते, म्हणून काकांनी दोघांच्या घरी, गल्लीत, गटारांत पिंजरे लावले. उंदीर ढिगाने मिळाले, पण त्यांच्यातला विषाणू निराळाच निघाला. झाड काढलं तेव्हा आजाऱ्यांचा विषाणू बाकीच्या सगळ्या फांद्या सोडून पार खालून फुटला होता आणि एकटाच लांब गेला होता. स्वतःची नक्कल करताना विषाणू चुका करतो, आणि त्या चुकांवरून वेळेचा अंदाज बांधता येतो. अंदाज असा निघाला की ती लहान पोर होती साधारण तेव्हापासून ही फांदी इतरांपासून तुटलेली आहे. याचा अर्थ, याच शहरात कुठेतरी उंदरांचा एक कबिला इतकी वर्षं बाहेरच्या एकाही उंदराला न शिवता जगत होता. कोणी न पाहिलेला, कोणी न पकडलेला.

पोशाख शिवणारी बाई वाचली नाही. तापाच्या वॉर्डातल्या डॉक्टरने जाता जाता मनीला सांगितलं होतं, "शेवटी भ्रमात होती बिचारी. सारखं एकच. म्हणे, त्या पोराला बाहेर पाठवा, त्याचं गुणगुणणं थांबवा, माझं डोकं फुटतंय. वॉर्डात पोर कुठलं आलंय?"

तेव्हा मनीने नुसती मान हलवली होती. तापात माणसं काय काय बोलतात.

आता ती आपल्या रक्ताचा पिवळा रंग पाहत बसली होती. ओळखीचे बाकीचे सगळे विषाणू तिने लावून पाहिले. त्यांना तिचं रक्त जेमतेम दाद देत होतं. कडकडून भेटत होतं ते फक्त त्या एकट्या फांदीला.

घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मनीने शेजारी बसून चार शेंगा हातात घेतल्या.

"आई, लहानपणी मला मोठा ताप आला होता का गं?"

"तुला?" आईने मान वर केली नाही. "तू कुठली आजारी पडतेस! दगड पचवणारं पोर."

"इथे येण्याआधी कुठे राहायचो आपण?"

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. "कोठारात," शेवटी ती म्हणाली. "बियाण्याच्या. तुझे बाबा तिथले राखणदार होते ना. मागच्या बाजूला खोली होती आपल्याला."

"हे मला कधीच सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात? पोत्यांची धूळ नुसती."

"कुठे आहे हे कोठार?"

"पाडलं असेल आता," आई म्हणाली, आणि अर्धे मटार तसेच टाकून उठली. भर दुपारी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मनीने दोनदा हाक मारली. आईने ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मनी वायरमनकडे गेली. तो वाचला होता, पण अंगात त्राण नव्हतं. अंगणात खुर्ची टाकून पांघरूण घेऊन बसला होता. आजारी पडण्याआधी कुठे कुठे कामं केली, हे त्याला हॉस्पिटलात विचारून झालं होतंच. मनीने पुन्हा विचारलं, या वेळी एकेक काम नीट उलगडून. बंगला, शाळा, बेकरी.

"आणि ते नाटकवाल्यांचं गोदाम," तो म्हणाला. "पण तिथे मी काम असं केलंच नाही. पैसेसुद्धा घेतले नाहीत. म्हणून राहिलं सांगायचं."

"नाटकवाल्यांचं?"

"पोशाख ठेवतात. पूर्वी बियाण्याचं कोठार होतं ते. त्या शिवणाऱ्या बाईंनीच बोलावलं होतं की. म्हणाल्या, वायरिंग गुणगुणतंय, बघून जा. मी सगळं उघडून पाहिलं. मेन स्विच बंद केला, तरी आवाज चालूच." तो कसनुसं हसला. "वीज नाही, आणि गुणगुणतंय. मी हात टेकले आणि निघून आलो."

मनीने पाण्याचा पेला मागितला आणि तो न पिताच हातात धरून ठेवला.

दुपार चढायच्या आत ती आणि पिंजरेकाका कोठारावर पोचले. पाडलं वगैरे काही नव्हतं. फरसबंद मोकळ्या आवारात कोठार दगडी खांबांवर उभं होतं, आणि प्रत्येक खांबाला वर पत्र्याचा घेर बसवलेला, उलट्या ताटलीसारखा.

"उंदीर वर चढू नये म्हणून," काका पत्र्यावर टिचकी मारत म्हणाले. "जुन्या लोकांची अक्कल. बाहेरचा आत जाऊ शकत नाही."

"आणि आतला बाहेर येऊ शकत नाही," मनी म्हणाली. एकटी लांब गेलेली फांदी तिच्या डोळ्यांपुढे आली. हा कबिला बाहेरच्या उंदरांना शिवला नव्हता, कारण त्याला शिवताच येत नव्हतं.

तिने पांढरा अंगभर सूट चढवला, हवा गाळणारी टोपी डोक्यावर ओढली, कमरेचा पंखा चालू केला. काकांकडेही तशीच टोपी होती, पण ती घातली की आपण बरणीतलं लोणचं झाल्यासारखं वाटतं, असं म्हणून ते नेहमी घट्ट पट्ट्यांचा मास्क लावायचे. मनीने आज टोपीच घाला म्हणून सांगितलं. त्यांनी मास्कच्या पट्ट्या ओढून दाखवल्या. "बघा मॅडम, माझं नाक आत गेलंय, पण वारा जायचा नाही."

आत पोशाखांच्या रांगा टांगलेल्या होत्या. राजांचे झगे, सैनिकांचे कोट, पऱ्यांचे झिरझिरीत पंख. उंचावरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे खाली आले होते आणि धूळ त्यांत संथपणे तरंगत होती. मधोमध शिवणयंत्र, त्याच्यावर अर्धवट टाचलेली एक बाही. बाई आता उठून चहाला गेली असावी, असं.

काका पहिला पिंजरा मांडायला वाकले आणि तसेच थांबले. पिंजऱ्यावर एक उंदीर येऊन बसला होता. फिकट, मोठ्या कानांचा. तो त्यांच्याकडे पाहत होता. शिवणयंत्राच्या पायट्यावर दुसरा होता. झग्याच्या खांद्यावर तिसरा. कोणी पळालं नाही.

"यांनी आयुष्यात मांजर पाहिलेलं नाही," काका हळूच म्हणाले. "साक्षात मनी दारात आली, तरी ढिम्म." पण या वेळी ते स्वतःही हसले नाहीत.

मनी पुढे निघाली होती. कुठे जातोय हे तिने ठरवलं नव्हतं. झग्यांच्या दोन रांगांमधून ती डावीकडे वळली, एक कोनाडा ओलांडला आणि माळ्यावर जाणाऱ्या जिन्याच्या मागच्या अंगाला जाऊन उभी राहिली. जिन्याखालची जागा फळ्या ठोकून बंद केलेली होती. तिचा हात आपसूक खाली गेला, गुडघ्याच्या उंचीवर, आणि बोटं फळीवर काहीतरी चाचपू लागली.

"काय शोधताय?" काकांनी मागून विचारलं.

"कडी. इथे दार होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. कडी नव्हतीच, पण फळीवरचा रंग नेमका तिथे गोल झिजलेला होता.

मग तिला आवाज जाणवला. टोपीत पंख्याचा सूर सतत कानाशी असतोच, त्यामुळे आधी लक्षात आलं नाही. पंख्याच्या सुरात आणखी एक सूर होता. तो खालीवर होत होता. करू नये असं तिने केलं. श्वास रोखला आणि पंखा बंद केला.

आवाज चालूच राहिला. फळ्यांमागून येणारा, तोंड मिटून केलेला, बारीक. गाणं म्हणावं तर गाणं नाही. एखादं मूल खेळात गुंग असताना स्वतःशीच करतं, तसा. मग मध्येच तुटला, जणू कोणी श्वास घ्यायला थांबावं, आणि पुन्हा सुरू झाला.

तिने पंखा चालू केला. काकांचा चेहरा मास्कच्या वर पांढराफटक पडला होता.

"तुम्हालाही ऐकू आलं?" ती म्हणाली.

"मघापासून येतंय. मला वाटलं तुमच्या टोपीचाच पंखा." त्यांनी पहार उचलली. "उंदीर असतील मॅडम. उंदीर पन्नास तऱ्हेचे आवाज काढतात."

फळ्या कुजल्या होत्या, चटकन निघाल्या. त्याबरोबर आवाज थांबला. आत जेमतेम एका अंथरुणापुरती जागा होती. तिथे लहान मुलाची गादी पसरलेली होती, निळ्या पट्ट्यांची, कडा कुरतडलेल्या. गादीच्या मधोमध, कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या मुलाचा असावा तसा खोल खळगा पडला होता. त्या खळग्यात उंदीर झोपले होते. डोक्याच्या जागी, पाठीच्या जागी, दुमडलेल्या गुडघ्यांच्या जागी, एकमेकांना अगदी चिकटून. खळग्याबाहेर एकही नव्हता. सगळे मिळून एकदमच श्वास घेत होते, त्यामुळे तो आकार वर-खाली होत होता.

दोघंही किती वेळ पाहत राहिली कोण जाणे. मग एका उंदराने डोकं वर केलं, बाकीचे जागे झाले आणि घाई न करता एकेक करून फटींत निघून गेले. रिकामा खळगा राहिला. त्यात एक तपकिरी डाग होता.

"ही गादी न्यायला हवी," मनी म्हणाली.

काकांनी गादीची कड धरून उचलली. जुनं कापड टर्रकन फाटलं, आतला भुसा आणि वर्षानुवर्षांची लेंडकं यांचा लोट उठला. काकांनी झटक्यात मान वळवली तेव्हा फळीतल्या खिळ्यात मास्कची पट्टी अडकली आणि तुटली. क्षणभरच. त्यांनी लगेच हाताने मास्क दाबून धरला आणि बाहेर धावले. बाहेर जाऊन खोकले, थुंकले, हसलेसुद्धा. "घेतला एक घोट," म्हणाले. मनीला हसू आलं नाही.

उंदरांमधला विषाणू दोन्ही आजाऱ्यांच्या विषाणूशी तंतोतंत जुळला. कबिला सापडला होता. कोठाराला सील लागलं, पोशाख जाळले, पिंजऱ्यांची रांग लागली. इथे काम संपायला हरकत नव्हती. पण मनीने गादीवरच्या डागाचा तुकडाही कापून आणला होता. इतक्या जुन्या, वाळलेल्या डागात विषाणूचं काही उरलं असेल अशी आशा नव्हती. तरी मोडके तोडके तुकडे निघाले. एकमेकांना जोडून तिने ते झाडावर बसवले, तर ते बरोबर त्या एकट्या फांदीच्या बुंध्याशी जाऊन बसले. कोठारातल्या आजच्या सगळ्या उंदरांच्या विषाणूंच्या मागे, त्यांच्या पणजोबाच्या जागी. हा डाग पाडणारं माणूस फांदी नुकतीच फुटली तेव्हा आजारी होतं.

डागातून माणसाची जनुकंही निघाली होती. ती सहसा टाकून देतात. पण आपल्याच हाताची घाण नमुन्यात मिसळली नाही ना, याची खात्री करायला ती स्वतःच्या जनुकांशी ताडून पाहायची पद्धत होती. तिने ताडून पाहिली.

घाण नव्हती. ती जनुकं तिची नव्हती. एका मुलाची होती. आणि तिच्याशी जितकी जुळत होती, तितकी फक्त सख्ख्या भावाची जुळतात.

मनीला भाऊ नव्हता. ती एकुलती एक होती. शाळेत, नोकरीत, लग्न ठरलं आणि मोडलं तेव्हाही, तिने सगळीकडे हेच सांगितलेलं होतं.

ती सरळ घरी गेली. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मनीने तिच्या हातातला ओला टॉवेल काढून घेतला.

"आई, तो कोण होता?"

आईने कोण म्हणून विचारलं नाही. दारातल्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ पदराला हात पुसत राहिली, ते कोरडे झाल्यावरही.

"भुंगा म्हणायचो आम्ही त्याला," ती म्हणाली. "सारखा गुणगुणायचा. जेवताना, खेळताना. झोपेतसुद्धा. तुझ्याहून एक वर्षाने धाकटा. तुझं नाव त्याला म्हणता यायचं नाही, मनी मनी करायचा. तेवढं एक राहिलं बघ त्याचं. बाकी सगळं पुसलं आम्ही, ते तेवढं तोंडातून जाईना."

मनी तिच्या पायाशी खाली बसली.

"जिन्याखाली झोपायचात दोघं. तुमचं घर होतं ते. ताप दोघांनाही आला, एकाच दिवशी. तुझा उतरला. त्याचा नाही उतरला. मी बाबांना म्हटलं, गादी जाळून टाका. त्यांनी काय केलं मला माहीत नाही. फळ्या ठोकल्या एवढं पाहिलं."

"जाळवली नसेल त्यांच्याने."

"नसेल." आईने तिच्याकडे पाहिलं. "मग तू त्या फळ्यांशी जाऊन बसायला लागलीस. तासन्‌तास बोलायचीस. विचारलं तर म्हणायचीस, भुंगा आत आहे, गातोय. बाबांनी मारलंसुद्धा एकदा तुला. पण मनी…" तिचा आवाज एकदम लहान झाला. "मलाही यायचं गं ऐकू. मी कोणाला बोलले नाही. म्हणून तिथून निघालो. इथे आल्यावर तू हळूहळू विसरलीस. आम्ही म्हटलं, विसरतेय तर विसरू दे. पोरीचं तरी बरं होईल."

"एखादा फोटो?"

"काढायचा राहूनच गेला. आज काढू, उद्या काढू." आईने मनीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि निरखून पाहिला, परक्या माणसाने पाहावा तसा. "मला आता त्याचा चेहरा आठवत नाही. आठवायला गेलं की तुझाच येतो. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावलं, आत बघते तर आत काहीच नाही."

मनीने डोळे मिटून आठवून पाहिलं. कडी कुठे होती ते हाताला आठवलं होतं, विषाणू रक्ताला आठवत होता. तिला स्वतःला काहीच आठवलं नाही. मूल नाही, हसू नाही, नाव नाही.

पिंजरेकाका आजारी पडले ते त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. आधी ताप, मग कंबर. मनीने त्यांच्या रक्ताची पट्टी लावली तेव्हा रंग चढायची वाटसुद्धा तिला पाहवली नाही. हॉस्पिटलात त्यांचा दांडगा देह पलंगावर मावत नव्हता, आणि चार दिवसांत तो पलंग त्यांना मोठा व्हायला लागला.

"औषध नाही," डॉक्टर म्हणाला. "हा आजार पचवलेल्या कोणाचा प्लाझ्मा मिळाला तर देऊन बघू. त्या वायरमनच्या अंगात काढण्याइतकं रक्तच नाही."

"माझ्या आहे," मनी म्हणाली.

तिच्या दंडातून रक्त निघून यंत्रात गेलं. लाल भाग परत तिच्या अंगात आला, पिवळसर पाणी पिशवीत साठलं, आणि ती पिशवी काकांच्या उशाशी लटकली. एका मुलाबरोबर आलेल्या तापाने तिच्या रक्तात जे शिकवून ठेवलं होतं, ते थेंबाथेंबाने दुसऱ्या माणसात उतरत होतं. ती काचेबाहेरून पाहत राहिली. त्यांचे ओठ मिटलेले होते. ते काही आवाज करतायत का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

काका वाचले. लघवी सुरू झाली, ताप उतरला, आणि एका सकाळी त्यांनी नर्सकडे उकडलेली अंडी मागितली. मनी भेटायला गेली तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. पण विनोद केला नाही. तिच्याकडे बघतच राहिले.

"मॅडम, एक विचारू? लहानपणी तुमचे एका बाजूचे केस कापलेले होते का?"

"का?"

"स्वप्न पडलं. स्वप्नच म्हणायचं. पिशवी लावली तेव्हापासून रोज तेच. मी जिन्याखाली बसलोय. फार लहान आहे. समोर एक मुलगी. एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूचे केस पार कानापर्यंत भादरलेले. ती माझ्या हातावर बिया मांडते. म्हणते, ही आई, हे बाबा, ही मी. मी म्हणतो, मी कुठाय? तर एक बी उचलून खिशात टाकते. म्हणते, तू इथे, हरवू नकोस." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मी त्या मुलीला ओळखत नव्हतो. आज तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि ओळखलं."

मनीने त्यांना भावाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. लॅबमध्येही कोणाला नाही. केसांचं तर तिलाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन तिने आईला तेवढंच विचारलं.

"डिंक लागला होता," आई म्हणाली. "बाबांच्या पाकिटं चिकटवायच्या डिंकाचं भांडं ओतून घेतलं होतंस. मीच कापले." मग तिचा रंग उडाला. "तुला कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी आई हॉस्पिटलात आली. मनीने नको म्हटलं होतं, ऐकली नाही. चांगला स्वेटर घातला, केस नीट विंचरले, आणि वॉर्डात शिरताना दारात जरा थबकली, नातलगाकडे पहिल्यांदाच जाताना थबकावं तशी. पलंगावरचा मिशाळ, खप्पड झालेला माणूस तिला बघून सावरून बसला.

"तुम्ही पाहिलंत त्याला?" आईने उभ्याउभ्याच विचारलं. "माझ्या मुलाला? कसा होता दिसायला? काय घातलं होतं त्याने?"

काकांनी मनीकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते का आलं हे त्यांना कळत नसावं.

"मला कसा दिसेल तो, आई?" ते म्हणाले. "मीच तो होतो ना. मला फक्त ही दिसायची."

वॉर्डात कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मनीला आईला धरून तिथून बाहेर न्यावंसं वाटलं. पण आईने पलंगाजवळची खुर्ची पुढे ओढली, बसली, आणि तो मोठा राठ हात आपल्या मांडीवर घेतला.

"बरं," ती म्हणाली. "मग तेच सांगा. ती दिसली की तो काय करायचा?"

काका दूरचं काही ऐकावं तशी मान कलती करून म्हणाले, "हसायचो."